घोड्यावरून गुरं वळणं: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या रँचवर, म्हणजे गुरं पाळायच्या मोठमोठ्या कुरणांवर, मी दोन पानं लिहिली होती. मी इथे मोठ्या जनावरांची डॉक्टर आहे, सँडहिल्स नावाच्या भागातल्या रँचवर फिरून काम करते आणि इथली गुरं अजून घोड्यावरून वळतात, एवढंच त्यात थोडक्यात होतं. त्यावर खूप प्रश्न आले, आणि बरेचसे स्वतः गुरं पाळणाऱ्यांचे आले त्यामुळे मला जास्तच बरं वाटलं, कारण टोपी-बूट सोडून थेट जनावराबद्दल विचारलंय. सगळ्यांना जागा नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत.

ताई, आमच्याकडे खिलार आहेत. दहा-बारा वर्षांचं पोरगं काठी घेऊन वीस-पंचवीस जनावरं माळावर नेतं आणि दिवस मावळायला परत आणतं. तिकडे त्याच कामाला घोडा, खोगीर, दोर एवढा थाट कशाला? – सांगोला, जि. सोलापूर

दादा, पहिला हिशोब अंतराचा आहे. आमची चेरी काउंटी (काउंटी म्हणजे इथला जिल्हाच) आकाराने जवळजवळ आपल्या पुणे जिल्ह्याएवढी आणि अख्ख्या काउंटीत माणसं साधारण साडेपाच हजार. सँडहिल्स म्हणजे वाळूच्या टेकड्या, सुमारे ५० हजार चौरस किलोमीटर पसरलेल्या, वर गवत आणि खाली निव्वळ वाळू. पाऊस वर्षाला साडेचारशे ते पावणेसहाशे मिलिमीटर, तुम्हाला माणदेशात सवय आहे त्यापेक्षा फार जास्त नाही. १९०४ मध्ये किंकेड कायदा करून सरकारने इथे घरटी ६४० एकर जमीन वाटली, लोकांनी हौसेने नांगर घातला, गवत गेलं आणि वाळू उडायला लागली, मग बऱ्याच जणांनी जमिनी विकल्या आणि ज्यांनी घेतल्या त्यांनी गवत राखलं आणि गुरं सोडली. आजही तेच चालू आहे. एका गाय-वासराला वर्षाचं पंधरा-वीस एकर कुरण धरावं लागतं, तर चारशे गाईंना किती लागेल ते तुम्हीच बघा. पायी निघालं तर अर्धा दिवस नुसती गुरं शोधण्यात जाईल.

दुसरं कारण जनावराच्या स्वभावाचं. तुमच्या खिलारला हाक मारली की कान टवकारतात, रात्री ती दावणीला असतात, लहानपणापासून माणसाचा हात अंगावर असतो. इथली गाय वर्षातून मोजक्या वेळा माणसाच्या जवळ येते, आणि तिने माणूस बघितलेला असतो तो घोड्यावरचाच. तीच गाय घोडा शेजारून गेला तर चरत राहते आणि पायी माणूस दिसला की मान वर करून पळायच्या तयारीत उभी राहते. माझ्यासारखीला तर हे फार जपावं लागतं, नाहीतर मी गाडीतून उतरले की कळप पलीकडच्या टेकडीवर.

आता खरी गंमत ऐका. गाईचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे तिला जवळपास चौफेर दिसतं, फक्त शेपटीच्या बरोबर मागचा पट्टा दिसत नाही. प्रत्येक जनावराभोवती एक हद्द असते, तुम्ही त्या हद्दीच्या आत पाऊल टाकलं की ते हलतं, तुम्ही मागे झालात की थांबतं. माणसाळलेल्या जनावराची हद्द हातभर, कुरणातल्या गाईची पन्नास-साठ फूटसुद्धा असते. आणि खांदा हा काटा. खांद्याच्या मागून हद्दीत शिरलात तर गाय पुढे जाते, खांद्याच्या पुढे आलात तर मागे वळते. बस, एवढ्यावर अख्खं काम चालतं. समजा तीनशे गाई-वासरांत एकीचा डोळा आलाय, पाणी गळतंय आणि बुबुळावर पांढरट ठिपका दिसतोय, तिला बाहेर काढायचंय. स्वार घोड्याला चालवत कळपात शिरतो, अगदी चालवतच, तिच्याकडे सरळ बघतही नाही, दोन गाईंच्या मधून वाट काढत तिला हळूहळू कडेला आणतो, तिचं वासरू बरोबर आहे ना ते बघतो आणि मग घोडा तिच्या आणि कळपाच्या मध्ये आणून उभा करतो. गाय डावीकडे झुकली की घोडा डावीकडे, उजवीकडे झुकली की उजवीकडे, लगाम ढिला असतो कारण चांगला घोडा हे स्वतःच करतो, कान पुढे, मान खाली, डोळा गाईच्या खांद्यावर. तीन-चार वेळा वाट अडली की ती दुसरीकडे चालू लागते आणि तिथे फाटक उघडं असतं. आरडाओरडा नाही, धूळ नाही. सिनेमात दाखवतात तसं गुरांमागे घोडं पिटाळलं की इथला जुना माणूस सरळ म्हणतो, याने काम बिघडवलं, आणि माझंही तेच मत आहे, पळवलेल्या गाईचं वजन घटतं, वासरू मागे राहतं, उन्हाळ्यात तर दम लागून जनावर आडवं होतं.

चारचाकी बाइक आणि पिकअप आलेत, भरपूर आलेत, कुंपण बघायला आणि पेंड टाकायला तेच वापरतात. पण वाळूच्या उतारावर, आणि नुकत्याच व्यालेल्या गाईपाशी, घोडाच बरा पडतो.

काउबॉय दोर फिरवून वासराचे पाय पकडतात ते खरंच कामाचं असतं की शो? आणि दोरात अंगठा तुटतो असं ऐकलं. – कॉलेज विद्यार्थी, नाशिक

कामाचं असतं, आणि अंगठ्याचंही खरं आहे. दोर सगळ्यात जास्त चालतो तो डाग द्यायच्या दिवशी, म्हणजे एप्रिल अखेर ते जूनच्या मध्ये कधीतरी, वासरं महिना-दोन महिन्यांची झाली की. सकाळी उजाडताना दहा-पंधरा स्वार कुरणातून सगळ्या गाई-वासरं गोळा करून कोंडवाड्यात आणतात. मग गाई बाहेर आणि वासरं आत असं वेगळं करतात, आणि त्या वेळी जो हंबरडा सुरू होतो तो दुपारपर्यंत थांबत नाही, शेजारच्या माणसाशी बोलायला कानाशी जावं लागतं. दोन-तीन स्वार चालत्या घोड्यावरून वासरांत शिरतात, फास वासराच्या पोटाखाली मागच्या पायांपुढे उभा टाकतात, वासरू पाय टाकतं आणि दोन्ही पाय फासात. हा फास जमिनीवर नीट उभा राहणं हीच कला आहे आणि ती बघत बसावी अशी आहे, मनगट फक्त वळतं, खांदा हलतच नाही. मग दोर खोगिराच्या पुढच्या खुंटीला गुंडाळायचा आणि घोडा चालत वासराला ओढत आणतो. खाली दोघं तयार असतात, एक मानेवर गुडघा ठेवून पुढचा पाय दुमडून धरतो, दुसरा मागे बसून एक पाय ओढतो आणि एक पायाने रेटतो. मग लस (फऱ्याची लस त्यात असतेच, तो रोग इथेही आहे), गोऱ्हा असेल तर खच्चीकरण, आणि डाग. मिनिट-दीड मिनिटात वासरू उठून आईकडे.

डाग हा मालकीचा पुरावा. राज्यात नोंदवलेला असतो, आकृती आणि अंगावरची जागा दोन्ही नोंदवायची, म्हणजे एकच आकृती डाव्या फऱ्यावर एकाची आणि उजव्या बरगडीवर दुसऱ्याची असू शकते. नेब्रास्काच्या पश्चिमेकडच्या दोन तृतीयांश भागात जनावर विकायचं किंवा हद्दीबाहेर न्यायचं तर ब्रँड इन्स्पेक्टर येऊन डाग तपासतो, त्याशिवाय ट्रक हलत नाही. जनावराला दुखतं, हे झाकून काय उपयोग. मी जिथे जाते तिथे वेदनाशामक द्या म्हणून मागे लागते, मेलोक्सिकॅम म्हणजे आपल्याकडे गुरांचे डॉक्टर रोज वापरतात तेच औषध, आणि आता बरेच तरुण मालक ऐकायला लागलेत. माझ्या कामातली ही गोष्ट मला मनापासून महत्त्वाची वाटते.

आता अंगठा. दोर बांधायच्या दोन पद्धती आहेत. टेक्ससकडे दोराचं टोक खुंटीला आधीच पक्कं बांधलेलं, दोर आखूड, तीसेक फूट. नेवाडा, ओरेगॉनकडचे लोक लांब दोर वापरतात, साठ फुटांपर्यंत, आणि फास पडल्यावर खुंटीला वेढे देतात, ताण आला तर सोडता येतो. हे वेढे देताना अंगठा दोर आणि खुंटीच्या मध्ये आला आणि तेवढ्यात पाचशे किलोच्या जनावराने हिसका दिला तर अंगठा जातो, आणि जुन्या लोकांत असे हात मी पाहिलेत. म्हणून मुलांना पहिल्या दिवसापासून शिकवतात, वेढा देताना अंगठा वर. तुला शिकायचं असेल तर घोडा आणि वासरू दोन्ही विसर, जमिनीत एक लाकडी ओंडका रोव आणि रोज त्यावर फास टाक, इथली पोरं अंगणात हेच करतात.

तिथल्या बायका काय करतात? फक्त स्वयंपाक? एकटेपणा येत नाही का? – सातारा

ताई, डाग द्यायच्या दिवशी बघायला हवं होतं तुम्ही. घोड्यावर बायका, लस द्यायला बायका, दोर टाकणाऱ्यांतही बायका, आणि आठ-दहा वर्षांच्या मुली स्वतःच्या घोड्यावर. हिशोब, वासरांच्या जन्माची वही, बँक, वळू कोणता घ्यायचा त्याच्या कॅटलॉगवर खुणा, हे बहुतेक घरांत बाईकडे असतं आणि कित्येक रँचची मालकीणच बाई आहे. दुपारी तीस माणसांचं जेवणही असतंच आणि ते अजून बऱ्याचदा बायकांवरच पडतं, हे मला पटत नाही आणि मी तसं बोलूनही दाखवते.

या तीस माणसांना मजुरी नसते. आपल्याकडे सावड करतात ना, आज तुझ्या रानात उद्या माझ्या, अगदी तसं. शेजारी म्हणजे पंधरा-वीस किलोमीटरवरचा, पण तो घोडा ट्रेलरमध्ये घालून पहाटे हजर, आणि आठवड्याने तुम्ही त्याच्याकडे. जो कोणाकडे जात नाही त्याच्याकडे कोणी येत नाही.

एकटेपणा येतो. किराणा आणायला एक-दीड तास गाडी, शाळेची बस डांबरी रस्त्यापर्यंतच, तिथपर्यंत मुलांना सोडायचं. हिवाळ्यात वादळ आलं की दोन-तीन दिवस घरात. मग फ्रीजर भरलेला ठेवायचा, जनरेटरला तेल ठेवायचं. जुलै-ऑगस्ट गवत कापणीत जातो, पाच-सहाशे किलोच्या गोल गासड्या बांधून रचायच्या आणि जानेवारीत त्याच उलगडत गाईंपुढे टाकत जायच्या. पवनचक्क्यांनी पाण्याच्या टाक्या भरतात (खाली ओगालाला नावाचा प्रचंड भूजलसाठा आहे, टेकड्यांच्या मधल्या खळग्यांत तर पाणी आपोआप वर येऊन तळी झालीत), पण थंडीत टाकीवरचा बर्फ कुऱ्हाडीने फोडावा लागतो. रोज.

आमच्या गोठ्यात वासरं पहिल्या पंधरा दिवसांत हगवणीने दगावतात. तिकडे तर शेकडो गाई एकदम वितात, मग कसं सांभाळता? – राहुरी

हा प्रश्न आला म्हणून मला विशेष आनंद झाला, कारण याचं एक चांगलं उत्तर याच टेकड्यांतून निघालंय. गाभण काळ साधारण २८३ दिवसांचा, वळू ठरवून दोन-तीन महिनेच सोडतात, त्यामुळे सगळ्या गाई फेब्रुवारी-मार्च ते मे या काळात वितात. पहिलारू कालवडी घराजवळच्या बाड्यात ठेवतात आणि रात्रभर दर दोन-तीन तासांनी कोणीतरी टॉर्च घेऊन फेरी मारतं. पाय आधी दिसले आणि तास झाला तरी पुढे सरकत नाही की मला फोन.

पूर्वी सगळ्या गाई एकाच बाड्यात व्यायच्या. सुरुवातीची वासरं ठणठणीत आणि नंतरची मरायची. का? कारण मोठं वासरू स्वतः आजारी दिसत नाही पण शेणातून जंतू टाकत राहतं, आणि महिनाभरात तो बाडा इतका घाण होतो की नवं वासरू पडतं तेच त्यात. नेब्रास्का विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी, डेव्हिड स्मिथ त्यात पुढे होते, एक साधी रीत बसवली. व्यायच्या राहिलेल्या गाईंना दर आठवड्याला नव्या, स्वच्छ कुरणात हलवायचं आणि व्यालेल्या गाई-वासरं जिथल्या तिथे सोडायची. म्हणजे एका कुरणातल्या वासरांच्या वयात आठवड्याचाच फरक राहतो आणि मोठ्याचे जंतू धाकट्याला लागत नाहीत. सगळ्यात धाकटं वासरू चार आठवड्यांचं झालं की मग गट एकत्र. औषध नाही, खर्च नाही. याला आता सँडहिल्स कॅल्व्हिंग सिस्टिम म्हणून दूरदूर ओळखतात. आणि बघा, इथेही पोटुशा गाईंना दर आठवड्याला हलवायचं म्हणजे घोड्यावरून, चालत, कोणाला धक्का न लागता. तिथे घाई केली तर गाय गाभडेल.

तुमच्याकडे दहा कुरणं नाहीत हे मला माहितीय. पण तत्त्व गोठ्यातही चालतं. पंधरा दिवसांच्या आतली वासरं मोठ्या वासरांपासून वेगळी ठेवा, विण्याची जागा वेगळी आणि कोरडी ठेवा, आधी लहानांना पाजा आणि मग मोठ्यांकडे जा, उलट नको. आणि चीक. पहिल्या सहा तासांत पोटभर चीक गेला पाहिजे, चोवीस तासांनंतर त्यातली रोगप्रतिकारक द्रव्यं आतड्यातून रक्तात जातच नाहीत. वार पडायची वाट बघत वासराला उपाशी ठेवायची जी पद्धत काही घरांत अजून आहे ती कृपा करून सोडा.

एक गोष्ट मला इथे पहिल्यांदा बघून गलबलून आलं होतं. एखाद्या गाईचं वासरू मेलं आणि दुसरीकडे एखादं वासरू आईविना राहिलं, तर मेलेल्या वासराचं कातडं सोलून त्या पोरक्या वासराला अंगरख्यासारखं बांधतात, पायांना भोकं पाडून. गाय हुंगते, वास आपल्या वासराचा येतो, जरा लाथ झाडते, परत हुंगते, आणि बऱ्याचदा पान्हा सोडते. तीन-चार दिवसांनी ते कातडं काढून टाकायचं.

अमेरिकेत ब्राह्मण नावाची गाय आहे ती मूळ आपली म्हणतात. खरं का? – मिरज

खरं आहे, आणि मिरजेहून प्रश्न यावा हेही छान, कारण तिच्यात तुमच्या नदीचा वाटा आहे. भारतातून अमेरिकेच्या दक्षिणेला गुरं नेण्याचं काम १८४९ पासून थोडं थोडं चालू होतं, १८५४ मध्ये लुईझियानातल्या एका मळेवाल्याला ब्रिटिश सरकारने दोन भारतीय वळू दिले होते, आणि १९०६ मध्ये टेक्ससच्या पियर्स रँचने मोठी खेप मागवली. कांकरेज (तिकडे गुझेरात म्हणतात), ओंगोल म्हणजे त्यांचं नेलोर, गीर आणि थोड्या प्रमाणात कृष्णा व्हॅली, या चार रक्तांतून अमेरिकन ब्राह्मण तयार झाली. १९२४ मध्ये तिची ब्रीडर्स असोसिएशन झाली. कारण सरळ होतं, टेक्सस आणि आखाताच्या काठावर ऊन, दमट हवा आणि गोचीड, युरोपियन गुरं तिथे तापाने मरायची. गोचिडीमुळेच तो ताप पसरतो हे थिओबाल्ड स्मिथ आणि किलबर्न यांनी १८९३ मध्ये सिद्ध केलं. आपल्या गुरांची कातडी सैल, घाम जास्त, गोचीड कमी. १८५३ मध्ये सुरू झालेल्या किंग रँचने तर शॉर्टहॉर्न आणि ब्राह्मण मिसळून सांता गर्ट्रुडिस नावाची जात काढली आणि १९४० मध्ये सरकारने तिला मान्यता दिली.

आमच्याकडे ब्राह्मण नाही दिसत, थंडी सोसत नाही तिला, इथे काळी अँगस आणि तांबडी-पांढरी हेरफर्ड. पण टेक्ससमध्ये शिकताना ब्राह्मणबरोबर काम केलंय आणि तिथले स्वार एक गोष्ट हमखास सांगतात, ही गाय विसरत नाही. एकदा मारून-झोडून चालवली तर जन्मभर कुंपणावर उडी टाकेल, आणि प्रेमाने हाताळली तर मागे मागे फिरेल. मला ते ऐकून आपल्या घरच्या गाई आठवायच्या. कृष्णा व्हॅली मात्र तुमच्याकडे, जिथे संस्थानिकांनी काळ्या रानात ओढायला म्हणून ती घडवली, तिथेच फार कमी उरलीय, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

आम्ही मेंढपाळ, घोडी बिऱ्हाड वाहतात. तिकडचा घोडा कसला आणि तयार कसा करतात? – शिरूर, जि. पुणे

भाऊ, तुमचं भीमथडी घोडं काटक आहे, ओझं घेऊन मैलोन्‌मैल जातं. इथे बहुतेक क्वार्टर हॉर्स, पाव मैलाच्या शर्यतीवरून नाव पडलं, साडेचारशे-साडेपाचशे किलोचा, मागचा पुठ्ठा भरलेला, चटकन वळणारा आणि चटकन थांबणारा. वर खोगीर पंधरा-अठरा किलोचं, कारण खुंटीला बांधलेल्या जनावराचा ओढा त्यालाच सोसायचा असतो. दोन-तीन वर्षांचं शिंगरू गोल बाड्यात घेऊन सुरुवात करतात. सगळी शिकवण एका गोष्टीवर, दाब द्यायचा आणि शिंगराने बरोबर केलं की त्याच क्षणी दाब काढायचा. लगाम ओढला, त्याने मान जरा वळवली, लगाम सैल. दाब काढायला उशीर झाला तर शिंगरू काय शिकायचं ते शिकत नाही, उलट हट्टी होतं. मारून घोडा चालतो, पण गाईपुढे विचार करायचं सोडून देतो, आणि मग तो या कामाचा उरत नाही.

दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद येतो. हिवाळ्यात बरेच जण नाल काढून घोडे मोकळे सोडतात. आणि एका माणसाला एक घोडा पुरत नाही, चार-पाच असतात, आज लांबचं काम झालं तर उद्या त्याला सुट्टी. तुमच्याही घोडीच्या पाठीवर लादीखाली जखम होत असेल तर ओझं कमी करण्याआधी खालची घडी बघा, एका सुरकुतीने पाठ फुटते.

काउबॉय सगळे गोरेच असतात का? – नांदेड

अजिबात नाही. हे काम मुळात मेक्सिकोतल्या वाकेरोंचं, खोगीर, दोर, स्वार पायांवर बांधतात ते कातडी आवरण, सगळं त्यांच्याकडून आलं. १८६० नंतर टेक्ससहून कॅन्ससच्या रेल्वेपर्यंत हजारो गुरं चालवत नेत, रोज पंधरा-वीस किलोमीटर, त्या काळातल्या काउबॉयांत चारातला एक जण कृष्णवर्णीय होता असा इतिहासकारांचा अंदाज आहे, बरेचसे गुलामगिरीतून सुटलेले. धावत्या घोड्यावरून बैलाच्या शिंगांवर झेप घेऊन त्याला लोळवायचा खेळ रोडिओत, म्हणजे काउबॉयांच्या कसरतींच्या स्पर्धांत, आणणारा बिल पिकेट कृष्णवर्णीयच होता. आमच्या उत्तरेला रोझबड आणि पाइन रिज इथे लाकोटा या मूळच्या अमेरिकन आदिवासी लोकांच्या रँच आहेत आणि त्यांच्यासारखे स्वार मी दुसरीकडे बघितले नाहीत.

एवढं प्रेमाने वाढवलेली वासरं शेवटी कत्तलीलाच जातात ना? तुम्हाला, मराठी घरात वाढलेल्या बाईला, हे कसं सहन होतं? – पुणे

हो, जातात. ऑक्टोबरच्या आसपास वासरं आईपासून तोडतात, तेव्हा ती अडीचशे किलोच्या आसपास असतात, मग लिलाव, मग फीडलॉट म्हणजे दाणा चारून वजन वाढवायचे मोठे कोंडवाडे, आणि साधारण दीड-दोन वर्षांची झाली की कत्तलखाना. शरद ऋतूत गाई गाभण आहेत का ते तपासायचं काम माझं, खांद्यापर्यंत हातमोजा घालून, आणि मी "रिकामी" म्हटलं की ती गाय बहुतेक वेळा विकली जाते. हे शब्द मी उच्चारते आणि त्याचा अर्थ मला माहीत असतो. मी स्वतः बीफ खात नाही, इथल्या लोकांनी त्यावरून मला कधी दुखावलं नाही, माझ्यासाठी बटाटे आणि घेवड्याचं वेगळं ताट ठेवतात. पण मी त्यांना क्रूर म्हणणार नाही, कारण उणे वीस अंशात अर्ध्या रात्री वासराला स्वतःच्या पिकअपच्या हीटरसमोर मांडीवर घेऊन बसलेला माणूस मी बघितलाय, आणि दुसरीकडे आपल्याकडे प्लॅस्टिक खाऊन पोट फुगलेल्या मोकाट गाईही बघितल्यात. माझ्या हातात एवढं आहे की ते जनावर जगेल तोवर त्याला भीती आणि वेदना कमी व्हाव्यात. त्यासाठीच मी हे काम करते, आणि तुम्हाला ते पुरेसं वाटलं नाही तर तुमचं म्हणणंही मला समजतं.

मी वीस वर्षांचा आहे, गुरांची आवड आहे, तिकडे रँचवर काम मिळेल का? एक एजंट तीन लाख मागतोय. – जालना

बाळा, ते तीन लाख देऊ नकोस. शेतीच्या हंगामी कामाला एच-टू-ए नावाचा व्हिसा असतो, त्यासाठी इथल्या मालकाने आधी स्थानिक माणूस मिळत नाही हे सरकारला दाखवावं लागतं आणि अर्ज मालकच करतो. त्या व्हिसाच्या नियमाप्रमाणे कामगाराकडून भरतीची फी घेता येत नाही, राहायची सोय मालकाने फुकट द्यायची, आणि करार कामगाराला समजेल अशा भाषेत लेखी द्यायचा. एजंटकडे मालकाचं नाव आणि तो लेखी करार माग, तो टाळाटाळ करेल तिथेच समजून जा. इथे येणारे बहुतेक जण मेक्सिको, पेरू, दक्षिण आफ्रिकेतून येतात आणि त्यांना कामाचा अनुभव असतो. तुला मनापासून आवड असेल तर आधी पशुवैद्यकाची पदवी किंवा डिप्लोमा बघ, बारावीला जीवशास्त्र असेल तर रस्ता उघडा आहे. आणि डिसेंबरात सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जाऊन ये, तिथे जुने घोडेवाले भेटतील, त्यांच्यापैकी कोणाकडे चार-सहा महिने राबायला मिळतं का विचार. जमलं तर मला परत लिही.